रेड हाऊस : गिलावा नसलेल्या घराची गोष्ट

लंडनच्या आग्नेयेला बेक्सलीहीथ नावाचं उपनगर आहे. स्थानकावर उतरून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की एकसारख्या दुमजली घरांच्या रांगांमध्ये एक उंच, लाल विटांची कुंपणभिंत लागते. भिंतीपलीकडे उतरत्या कौलांची छपरं आणि जाडजूड धुराडी डोकावत असतात. हेच रेड हाऊस. नाव ठेवताना कुणी फार डोकं चालवलेलं नाही. घर लाल, म्हणून लाल घर. पण हे घर बांधलं गेलं १८५९-६० साली, आणि त्या काळी बऱ्या स्थितीतल्या इंग्रज माणसानं आपल्या घराची वीट अशी उघडी ठेवणं फारसं रूढ नव्हतं.

तेव्हाचा रिवाज असा, की ऐपत असेल तर दगडाचं घर बांधायचं. ऐपत नसेल तर विटांचं बांधायचं, त्यावर गुळगुळीत गिलावा करायचा, गिलाव्यात दगडी चिऱ्यांसारख्या रेघा मारायच्या आणि वर फिकट रंग द्यायचा. लंडनमधल्या कितीतरी पांढऱ्याशुभ्र, रुबाबदार घरांच्या अंगाखाली साधी वीटच आहे. रेड हाऊसनं हा मुलामा नाकारला. बाहेरून गिलावा नाही, नक्षीदार दगडी खांब नाहीत, दारावर देवळासारखा त्रिकोण नाही. जे आहे ते समोर आहे. म्हणूनच विटांचं जुनं घर कसं ‘वाचायचं’ हे शिकायला हे घर फार सोयीचं पडतं. भिंत काय करते आहे, कमान का आहे, खिडकी इथेच का, या प्रश्नांची उत्तरं बाहेर उभं राहूनच मिळू लागतात.

आधी थोडा कराचा हिशेब, कारण इंग्लंडमधल्या घरांच्या रूपावर करांचा हात मोठा आहे. १७८४ साली तिथे विटांवर कर बसला. अमेरिकेतल्या युद्धानं तिजोरी रिकामी झाली होती. कर विटांच्या संख्येवर होता, तेव्हा काही वीटवाल्यांनी लगेच मोठ्या विटा पाडायला सुरुवात केली. सरकारनंही मग मोठ्या विटेचा दर वाढवला. हा कर गेला १८५० साली. खिडक्यांवरचा कर त्याहून जुना, १६९६चा. तो वाचवायला लोकांनी चक्क खिडक्या विटांनी बुजवल्या. अशा बुजवलेल्या खिडक्या आजही जुन्या घरांवर दिसतात (काही मात्र केवळ दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून पहिल्यापासूनच आंधळ्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक बुजलेल्या चौकोनाचं खापर करावर फोडू नये). तो कर १८५१ साली गेला, काचेवरचा त्याच्याआधी १८४५ साली. म्हणजे रेड हाऊसचा नकाशा कागदावर उतरला तेव्हा वीट, काच आणि खिडकी या तिन्ही गोष्टी करातून सुटून फार तर दहा-पंधरा वर्षं झाली होती.

घर बांधून घेणारा, पुढे नक्षीकार आणि कवी म्हणून गाजलेला विल्यम मॉरिस तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, नुकतं लग्न झालेला, आणि वडिलांनी तांब्याच्या खाणीत गुंतवलेल्या पैशाच्या उत्पन्नावर निश्चिंत. बांधणारा फिलिप वेब त्याहून तीनेक वर्षांनी मोठा. दोघांची ओळख जॉर्ज एडमंड स्ट्रीट या वास्तुकाराच्या ऑक्सफर्डमधल्या कचेरीत झाली. मॉरिस तिथे उमेदवारी करायला आला आणि काही महिन्यांत कंटाळून चित्रकलेकडे वळला, वेब मात्र तिथे मुरला. १८५८ साली दोघं आणखी एका मित्राबरोबर फ्रान्समध्ये सीन नदीतून होडीनं फिरत होते, तेव्हाच या घराच्या गप्पा सुरू झाल्या. स्वतंत्र वास्तुकार म्हणून वेबचं हे पहिलं काम. खर्च आला चार हजार पौंडांच्या आसपास.

आता घराकडे बघू. वरून पाहिलं तर त्याचा आकार इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा, म्हणजे गवंड्याच्या काटकोन्यासारखा आहे. एक बाहू उत्तरेकडे तोंड करून, दुसरा पश्चिमेकडे. काटकोन्याच्या पोटात बाग, आणि बागेत विहीर. विहिरीवर टोकदार टोपीसारखं कौलारू छप्पर आहे. तिची छायाचित्रं घराइतकीच फिरतात, आणि ते बरोबरही आहे. अंगणात विहीर असली की घराला मध्य मिळतो, हे वाड्यात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको. दोन्ही बाहू मिळतात त्या कोपऱ्यात जिना, आणि जिन्याच्या डोक्यावर उंच निमुळतं छप्पर. त्यावर वारा दाखवणारी पत्र्याची निशाणी फिरते, तीत मॉरिसची आद्याक्षरं आणि १८५९ हा आकडा कापलेला आहे.

काटकोनाचा आकार घेण्यात गंमत अशी, की घर एका खोलीच्या जाडीचं राहतं. बाहेरच्या बाजूला खोल्या, आतल्या म्हणजे बागेच्या बाजूला बोळ. चौकोनी ठोकळ्यासारख्या घरात मधल्या खोल्या काळोख्या होतात, तसं इथे होत नाही. आणि बाहेरून बघणाऱ्याला प्रत्येक खिडकीमागे काय आहे याचा अंदाज बांधता येतो. वरच्या मजल्यावरच्या बोळाला गोल खिडक्या आहेत. तिथे कुणी बसत नाही, फक्त येजा करतात, तेव्हा थोडा उजेड पुरे. दिवाणखाना वरच्या मजल्यावर, म्हणून तिथली खिडकी मोठी. पश्चिमेला तर तिला भिंतीबाहेर काढून सज्जाच केला आहे आणि तो खालून विटांच्या जाड आधारावर तोलला आहे. जिन्याच्या खिडक्या जिन्याबरोबर वर चढतात. परिणामी समोरची बाजू आणि मागची बाजू यांत कुठेच ‘डावीकडे तीन, उजवीकडे तीन’ असा मेळ नाही. त्याआधीची शंभर-दीडशे वर्षं इंग्लंडमधली प्रतिष्ठित घरं बाहेरून आत आखली जात. आधी दर्शनी बाजू डौलदार काढायची, मग तिच्यामागे खोल्या कोंबायच्या. वेबनं आधी खोल्या ठरवल्या आणि खिडक्यांना हव्या तिथे जाऊ दिलं.

खिडक्यांजवळ जरा थांबू, कारण या घरातलं सगळ्यात बोलकं बांधकाम तिथेच आहे. चौकट पांढऱ्या रंगाची, वर-खाली सरकणाऱ्या झडपांची. असली खिडकी म्हणजे इंग्लंडमधल्या अठराव्या शतकातल्या घरांची ओळख. पण तिच्यावर कमान आहे ती टोकदार, मध्ययुगीन चर्चमध्ये असते तशी. खिडकीचा माथा जेमतेम वळणदार, कमानीचं टोक त्याच्या बरंच वर, आणि दोहोंच्या मधली जागा विटांनी भरलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, खिडकी चुकून छोटी आणली की काय!

कारण वजनाचं आहे. भिंतीत भोक पाडलं की भोकावरच्या विटांना खालून आधार राहत नाही. लाकडाची पट्टी टाकली तर ती वाकते, कुजते. विटेवर वीट चढवत रचलेला भार खाली येतच असतो. कमान तो भार दोन्ही खांद्यांवर वाटून खिडकीच्या कडेच्या भिंतीत उतरवते. कमान जितकी उंच आणि टोकदार, तितका भार सरळ खाली जातो आणि बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलणारा जोर कमी होतो. अशी कमान वरचा बोजा पेलते, म्हणून तिच्या पोटातल्या खिडकीला फक्त स्वतःचं आणि डोक्यावरच्या चार विटांचं ओझं सांभाळायचं असतं. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतंच. पुष्कळ घरांत अशी भारवाहू कमान भिंतीत असते, पण गिलाव्याखाली गुडूप. वेबनं ती उघडी ठेवली आणि तीच घराची शोभा झाली. नक्षीचा खर्चही वाचला.

आता भिंतीच्या अगदी जवळ, हाताच्या अंतरावर जाऊ. इंग्लंडमधली आजची ठरीव वीट २१५ मिलिमीटर लांब, १०२.५ रुंद आणि ६५ उंच असते. जुन्या विटा याहून थोड्या वेगळ्या मापाच्या, पण हिशेब तोच. दोन रुंद्या आणि मधल्या सांध्याचे १० मिलिमीटर मिळून एक लांबी होते. हे मोजमाप सहज पडलेलं नाही. त्यामुळेच वीट भिंतीच्या लांबीत ठेवली काय आणि जाडीत आडवी घातली काय, थर जुळतो. लांब बाजू बाहेर दिसते ती वीट ‘स्ट्रेचर’, आखूड तोंड दिसतं ती ‘हेडर’. आपल्याकडे आयटीआयला किंवा डिप्लोमाला गेलेल्या मुलांनी इंग्लिश बॉण्ड आणि फ्लेमिश बॉण्ड घोकलेले असतात, ते हेच. इंग्लिश बॉण्डमध्ये एक थर सगळा स्ट्रेचरचा, पुढचा सगळा हेडरचा. फ्लेमिशमध्ये एकाच थरात एक आड एक. दुसऱ्या प्रकाराचा सुरुवातीचा ठळक नमुना बघायचा तर लंडनच्याच पश्चिमेला क्यू बागेतलं डच हाऊस आहे, १६३१चं, ज्याला आता क्यू पॅलेस म्हणतात.

हेडर विटांचं काम दिसण्यापेक्षा मोठं आहे. जुनी भिंत भरीव असते. पुढची आणि मागची विटांची पातळ पडदी एकमेकींपासून सुटू नये म्हणून मधूनमधून वीट आरपार घालावी लागते, टाक्यासारखी. भिंतीवर ठिपक्यांसारखी दिसणारी आखूड तोंडं म्हणजे ते टाके. यातून एक सोपी खूणही मिळते. इंग्लंडमध्ये एखाद्या घराच्या भिंतीवर नुसत्याच लांब विटा, एकाही आखूड तोंडाशिवाय दिसल्या, तर ती बहुधा आत पोकळी असलेली, दुहेरी, विसाव्या शतकातली भिंत असते. पोकळी ओलांडायला तिथे धातूच्या पट्ट्या असतात, विटेची गरज उरत नाही. पाठ केलेल्या सनावळीपेक्षा ही खूण रस्त्यावर जास्त उपयोगी पडते.

विटेचा लाल रंग येतो तो मातीतल्या लोहामुळे. भट्टीत पुरेशी हवा आणि हजार अंशांच्या आसपास उष्णता मिळाली की लोहाचा गंज-लाल रंग पक्का होतो. मातीत चुनखडी जास्त असेल तर तीच वीट पिवळट निघते. लंडनची नेहमीची वीट ही अशी पिवळी, आणि कोळशाच्या धुरानं काळवंडलेली. तिच्या शेजारी रेड हाऊस किती लालभडक वाटलं असेल याची कल्पना करता येते.

पण भिंतीत वीट जितकी महत्त्वाची तितकाच दोन विटांमधला चुना, आणि जुन्या घरांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. चुन्याची दरज, म्हणजे दोन विटांमधला सांधा, मऊ असते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, तरी विटेपेक्षा नरमच राहतो. पावसाचं पाणी भरीव भिंतीत थोडंफार शिरणारच. ते परत बाहेर पडतं या चुन्याच्या दरजांमधून. घर जरासं खचलं-हललं तरी चुना दबतो, वीट फुटत नाही. म्हणजे झिजायचं काम दरजेकडे आणि टिकायचं काम विटेकडे. पन्नास-शंभर वर्षांनी दरजा कोरून पुन्हा भरायच्या की झालं. मग कुणीतरी ‘पक्कं काम’ करायचं म्हणून त्याच दरजा सिमेंटनं भरतो. सिमेंट विटेहून कडक आणि पाण्याला वाट न देणारं. आता ओल बाहेर पडते ती विटेच्या तोंडातून. इंग्लंडच्या हिवाळ्यात ती तिथेच गोठते, गोठताना फुगते, आणि विटेचा दर्शनी पापुद्रा खपली निघावी तसा गळून पडतो. सिमेंटची जाळी तशीच शाबूत आणि मधल्या विटा खड्ड्यांसारख्या आत गेलेल्या, असं दृश्य तिथे पुष्कळ दिसतं. आपल्याकडे हिम नाही, पण घाणीतल्या चुन्यात बांधलेल्या वाड्यांना सिमेंटचा लेप देऊन आतून ओल धरायला लावण्याचे प्रकार आपणही केलेच आहेत. फक्त दोष मात्र आपण जुन्या भिंतीला देतो.

गमतीचा भाग असा, की चुन्याचं आणि जुन्या भिंतीचं हे शहाणपण ज्यांनी पुढे इंग्लंडभर सांगितलं, त्यांत हेच दोघं होते. १८७७ साली मॉरिस आणि वेब यांनी इतरांबरोबर ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज’ ही जुन्या इमारती जपणारी संस्था काढली. तेव्हा जुनी चर्च ‘मूळ रूपात आणायची’ म्हणून खरवडून नव्यासारखी करण्याची साथ आली होती. यांचं म्हणणं, गळतं छप्पर वेळेवर शाकारा, सांधे भरा, आणि काळाच्या खुणा पुसू नका. संस्था आजही आहे, आणि जुन्या भिंतीला सिमेंट लावू नका हे आजही सांगते.

छपराबद्दल थोडंसं. ते एवढं उभट का? इथली कौलं म्हणजे भाजलेल्या मातीच्या छोट्या, जवळपास सपाट फरश्या. आपल्या मंगळुरी कौलाला खाचा असतात, एक दुसऱ्यात अडकतं, म्हणून त्याला कमी उतार चालतो. सपाट कौलांना असा अडकाव नाही. ती एकावर एक इतकी चढवतात की छपरावर कुठेही बोट ठेवा, खाली निदान दोन कौलं असतातच. तरी उतार कमी पडला तर वारा पाण्याला उलटं वर ढकलून आत घालतो. म्हणून पाखं उभं ठेवायचं. धुराडी जाड आणि उंच, कारण प्रत्येक शेकोटीचा धूर स्वतंत्र नळीतून वर जातो आणि या नळ्यांची मोट एकत्र बांधून छपराबाहेर काढलेली असते. उंची पुरेशी नसली तर धूर घरातच परततो.

आत शिरताना दारावर लॅटिनमध्ये बायबलमधल्या स्तोत्राची ओळ आहे : तुझं जाणं-येणं प्रभू सांभाळो. आपल्या उंबऱ्यावरच्या ‘शुभ-लाभ’ची बहीणच. आत लाल फरशी, ओकच्या लाकडाचा जिना, जिन्याच्या खांबांना मनोऱ्यासारखी टोकं, आणि छतावर रंगवलेली नक्षी. तिचे ठिपके ओल्या गिलाव्यातच टोचून घेतलेले, म्हणजे पुन्हा रंगवायची वेळ आली तरी नमुना हरवायला नको. ही युक्ती मला फार आवडते. दिवाणखान्यात उघड्या विटांची शेकोटी थेट छतापर्यंत चढत गेली आहे. तिथेच एक अवाढव्य लाकडी बाकडं-कपाट आहे. मॉरिस लग्नाआधी लंडनमध्ये मित्राबरोबर राहत असताना ते करून घेतलं होतं. इथे आणल्यावर वेबनं त्याला शिडी आणि वर कठडा जोडला. त्यामुळे कपाटाच्या डोक्यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी छोटा माळा झाला, आणि भिंतीतल्या लहान दारातून छपराखालच्या पोटमाळ्यात जाण्याची वाटही.

बाजारात मिळणारं फर्निचर या घराला शोभेना, म्हणून मित्रमंडळींनी सुट्टीच्या दिवशी येऊन भिंती, कपाटं, पडदे स्वतःच रंगवायला, भरायला घेतले. एडवर्ड बर्न-जोन्स, दान्ते गॅब्रिएल रोझेट्टी ही पुढे चित्रकार म्हणून नाव झालेली माणसं त्यांत होती. मॉरिसची बायको जेन हिनं आणि इतर बायकांनी केलेलं भरतकाम तितकंच मोलाचं, पण त्यांची नावं नंतरच्या लोकांनी जरा उशिरानंच घेतली. या उद्योगातूनच १८६१ साली मॉरिसची सजावटीची कंपनी उभी राहिली.

आता दोष. मुख्य खोल्यांची तोंडं उत्तरेकडे. इंग्लंडमध्ये उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, थंडी येते. दक्षिणेचं ऊन मिळालं ते बोळांना. स्वयंपाकघराचं तोंड पश्चिमेला, म्हणजे चुलीची धग आणि वरून दुपारची उन्हं. वेबला आपली ही चूक पुढे स्वतःलाच सलत होती. त्यात मॉरिसची बाहेरगावहून लंडनला रोजची येजा, त्याला १८६४ साली जडलेला सांध्यांचा ताप, आणि बर्न-जोन्स कुटुंबानं शेजारी नवा भाग बांधून राहायला येण्याचा बेत फिसकटलेला. १८६५ साली, म्हणजे जेमतेम पाच वर्षांत, मॉरिसनं घर सोडलं. त्यानंतर तो पुन्हा तिथे राहिला नाही.

या घराला आधुनिक घरांचा मूळपुरुष वगैरे म्हणण्याची प्रथा आहे. मला ते जास्तीचं वाटतं. उघड्या विटा, उभट छपरं आणि कामापुरत्या खिडक्या स्ट्रीट आणि विल्यम बटरफील्ड या वास्तुकारांनी पाद्र्यांच्या घरांत, खेड्यांतल्या शाळांत आधीच वापरल्या होत्या, आणि वेब तिथेच शिकला. फरक इतकाच, की त्यानं पाद्र्याच्या घराची ती साधी भाषा एका हौशी, पैसेवाल्या, कलासक्त गृहस्थाच्या घरासाठी वापरली. हा फरक लहान नाही, पण तो कुठून आला तेही सांगावं.

रेड हाऊस आज ‘लिस्टेड’ आहे, म्हणजे जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीत आहे, आणि तेही ग्रेड एक. इंग्लंडमधल्या एकूण लिस्टेड इमारतींपैकी फक्त अडीच टक्के या वर्गात येतात. नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड दोनच्या, आणि मध्ये ग्रेड दोन-तारांकित. १९४७च्या नगररचना कायद्यानं या याद्यांचा पाया घातला. मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींचे नियम आले, तिथेही एक, दोन, तीन अशा श्रेणी आहेत, त्यामुळे कल्पना आपल्याला परकी नाही. लिस्टेड म्हणजे घराला हातच लावायचा नाही असं नव्हे. मात्र त्याचं रूप बदलेल असं काहीही करायचं तर स्थानिक नियोजन खात्याची वेगळी संमती लागते, आणि ती न घेता काम केलं तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. बऱ्याच लोकांना वाटतं की फक्त दर्शनी बाजू जपायची असते. तसं नाही. जिना, शेकोटी, आतलं लाकूडकाम, भिंतीत बसवलेली कपाटं, सगळं त्यात आलं.

घर खाजगी मालकांच्या हातांतून फिरलं. १९५२पासून टेड हॉलम्बी या वास्तुकाराचं कुटुंब अर्धशतक तिथे राहिलं आणि त्यांनी ते निगुतीनं सांभाळलं. २००३ साली ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आलं. नंतर वरच्या मजल्यावरच्या निजायच्या खोलीत, भिंतीतल्या मोठ्या कपाटामागे, भिंतीवरच्या कागदाखाली रंगाच्या खुणा दिसल्या. २०१३ साली सगळं उघडं झालं, तेव्हा जवळपास पुरुषभर उंचीच्या पाच आकृत्या निघाल्या : आदम, इव्ह, नोहा, रेचल, जेकब. पडदा टांगल्यासारख्या चुण्या दाखवून रंगवलेल्या. सुट्टीला आलेल्या त्या मित्रांपैकी कोणती आकृती कुणी काढली, यावर जाणकारांची चर्चा अजून चालू आहे.